आपला हैदराबाद रोड जिथं संपतो, तिथली कोळंबी

सोलापूरच्या मार्केट यार्डावरून हैदराबादकडे जाणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५. तो पुण्याहून निघतो, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करत सोलापुरात येतो आणि पुढे हैदराबाद, विजयवाडा ओलांडून बंगालच्या उपसागराकाठी मछलीपट्टणमला थांबतो. हे शेवटचं टोक आंध्र प्रदेशातल्या कृष्णा जिल्ह्यात येतं. तिथं आणि शेजारच्या पश्चिम गोदावरीत भातशेतीच्या जोडीला मैलोन् मैल चौकोनी तळी आहेत. पाण्याला हवा मिळावी म्हणून तळ्यांत चाकं फिरत असतात. त्या पाण्यात वाढणाऱ्या कोळंबीवर, म्हणजे आपण ज्याला झिंगा म्हणतो त्यावर, भारताची मासळी निर्यात उभी आहे.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतानं सुमारे १६.९८ लाख टन मासळी परदेशी पाठवली आणि ६२,४०८ कोटी रुपये मिळवले. त्यातले ४३,३३४ कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे होते. वजनात तिचा वाटा निम्म्याहून कमी, ७.४१ लाख टन. पैशात मात्र शंभरातले ६९ रुपये तिचे. यातली बहुतेक कोळंबी कुठल्याही होडीच्या जाळ्यात आलेली नसते. ती बी टाकून, खाद्य घालून, औषधपाणी सांभाळून पिकवलेली असते.

सोलापुरात बसून हे लिहायला कारण आहे. निर्यातीचं डाळिंब पिकवणाऱ्या माणसाला हा धंदा चटकन समजतो, कारण दोन्हींचा सांगाडा सारखा आहे. बी किंवा रोप दुसऱ्याकडून घ्यायचं, खर्च उधारीवर करायचा, रोग कधी येईल ते सांगता येत नाही, माल तयार झाला की थांबता येत नाही, आणि भाव ठरतो तो आपण कधी न पाहिलेल्या देशात. डाळिंबाला तेल्या, झिंग्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. डाळिंबाच्या निर्यातीला अपेडा ही सरकारी संस्था, झिंग्याच्या निर्यातीला एमपीडा. दुसरं कारण असं की उजनीच्या लाभक्षेत्रात क्षारपड झालेल्या रानाचं काय करावं, तिथं झिंगा येईल का, हा प्रश्न शेतकरी विचारतात. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी सगळी साखळी समजून घ्यावी लागते.

देशातली मासळी आणि परदेशी जाणारी मासळी

हे दोन वेगळे धंदे आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे १८४ लाख टन मासळी निघाली. यातली तीन चतुर्थांश गोड्या किंवा जमिनीवरच्या पाण्यातली: नद्या, धरणं, गावतळी, शेततळी. रोहू, कटला, मृगळ हे त्यातले मुख्य मासे. उजनीच्या यशवंतसागरातली चिलापी, कटला, वाम भिगवणच्या बाजारात येते आणि आसपासच्या गावांत, शहरांत खपते. देशातली बहुतांश मासळी अशी देशातच शिजते. परदेशी जाते ती वजनानं साधारण दहावा हिस्सा. अर्थात निर्यातीचं वजन डोकं, कवच काढल्यानंतरचं असतं, त्यामुळे दोन आकडे तंतोतंत शेजारी ठेवता येत नाहीत. पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

म्हणजे देशात ज्या माशाचं उत्पादन सर्वांत मोठं, तो निर्यातीत जवळजवळ नाही. आणि निर्यातीतला राजा देशातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत क्वचितच जातो. या धंद्यातले बरेच प्रश्न इथूनच सुरू होतात.

होडीचा माल

समुद्रातून पकडलेल्या मालाची निर्यातही होते आणि त्यात पश्चिम किनारा पुढे आहे. गुजरातेत वेरावळ, आपल्याकडे मुंबईचा ससून डॉक आणि रत्नागिरीचा मिरकरवाडा, कर्नाटकात मलपे आणि मंगळुरू, केरळात कोची. बंदरात पहाटे लिलाव होतो. होडीवाल्याला डिझेल, बर्फ, जाळी यांसाठी आधी उचल दिलेला व्यापारीच पुष्कळदा माल उचलतो, आणि त्याच्याकडून तो कारखान्यात जातो. माकुल म्हणजे स्क्विड स्पेन-इटलीकडे, वाकटी म्हणजे लांब पट्ट्यासारखा चंदेरी मासा चीनकडे. घोळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला चीनकडच्या गिऱ्हाइकांकडून इतका भाव मिळतो की एका चांगल्या घोळीवर मच्छीमाराचा अख्खा हंगाम सावरतो.

यातला सुरिमी हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही. राणी माशासारखे स्वस्त मासे घ्यायचे, काटे काढून खिमा करायचा, तो थंडगार पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा. रंग, वास, चरबी निघून जाते आणि मागे पांढरी, चिकट प्रथिनं उरतात. गोठताना ती बिघडू नयेत म्हणून साखर मिसळून त्यांच्या लाद्या गोठवतात. जपान आणि आग्नेय आशियात याच लादीपासून माशाचे वडे आणि खेकड्याच्या चवीच्या कांड्या बनतात. धंदा म्हणून हुशारीचा आहे, पण त्याची भूक मोठी आहे. सुरिमीला लहान मासाही चालतो, आणि लहान मासा विकला जाऊ लागला की जाळ्याचे डोळे बारीक होत जातात. कोकणातल्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार नेमकी हीच आहे आणि मला ती रास्त वाटते.

समुद्रातल्या कोळंबीला आणखी एक अडचण आहे. जाळ्यात समुद्री कासव अडकलं तर त्याला बाहेर पडता यावं, अशी खिडकी जाळ्याला हवी, हा अमेरिकेचा नियम. तो पाळला जात नाही म्हणून २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिका घेत नाही. तिथं जाते ती फक्त तळ्यातली.

तळ्यातली साखळी

भारतीय कोळंबीची सुरुवात परदेशात होते. आपल्या तळ्यांत वाढणारी व्हॅनामी ही जात मूळची प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची. तिचे प्रजननासाठीचे नर-माद्या, ठरावीक रोगांपासून मुक्त असल्याची खात्री केलेले, मुख्यतः अमेरिकेतून विमानानं येतात. चेन्नईजवळच्या सरकारी विलगीकरण केंद्रात त्यांना काही दिवस वेगळं ठेवतात, तपासतात, मग ते किनाऱ्यावरच्या हॅचऱ्यांकडे जातात. हॅचरीत अंडी फुटतात, पिल्लं डोळ्याला जेमतेम दिसण्याएवढी झाली की पाणी आणि प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून शेतकऱ्याच्या तळ्यावर पोचतात. पिकाचे आईबाप अमेरिकेचे, आणि पीकही बरंचसं अमेरिकेलाच जातं.

तळ्यात पीक तीन ते चार महिन्यांचं. खर्चात सर्वांत जड खाद्य, एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त. या खाद्यात मासळीची भुकटी असते तशी सोयापेंडही भरपूर असते. बार्शीकडचा सोयाबीनवाला म्हणून या धंद्यापासून वाटतो तितका लांब नाही. त्याखालोखाल वीज, कारण चाकं बंद पडली तर भरगच्च तळ्यातला प्राणवायू काही तासांत संपतो आणि सकाळी सगळा माल तळाशी मेलेला दिसतो. आंध्र सरकार ठरवून दिलेल्या मत्स्यशेती क्षेत्रात दीड रुपया युनिटनं वीज देतं ते यासाठीच.

हा खर्च शेतकरी रोखीनं क्वचितच करतो. खाद्यविक्रेता बी, खाद्य, औषध उधार देतो आणि काढणीच्या वेळी पट्टीतून वळतं करून घेतो. बऱ्याच ठिकाणी तोच किंवा त्याचा माणूस कारखान्याशी सौदाही करून देतो. उधारी ज्याच्याकडे, माल त्याच्याकडे. आपल्याकडे अडत्याकडून उचल घेतलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

काउंट

आता काढणीचा क्षण बघू, कारण या धंद्याचं सगळं गणित तिथं उघडं पडतं. जाळं टाकून नमुना काढतात, एक किलो वजन करतात आणि नग मोजतात. शंभर नग भरले तर तो १०० काउंटचा माल. म्हणजे एक झिंगा १० ग्रॅमचा. चाळीस भरले तर ४० काउंट, एक नग २५ ग्रॅमचा. काउंट जितका कमी, तितका भाव जास्त, आणि प्रत्येक काउंटचा भाव वेगळा. शेतकऱ्यापुढे रोज एकच पेच असतो: आज १०० वर विकायचं, की आणखी काही आठवडे खाद्य घालून ४० वर न्यायचं? थांबलं तर किलोमागे भाव वाढतो. पण त्या काळात रोग शिरला तर हातातोंडाशी आलेला घास जातो. शेजारच्या तळ्यात मर सुरू झाल्याची बातमी आली की लोक मिळेल त्या काउंटला माल काढतात, आणि एकाच वेळी सगळ्यांचा लहान माल बाजारात आल्यामुळे भाव आणखी पडतो.

अमेरिकेतलं गिऱ्हाईक मात्र वेगळ्या हिशेबानं मोजतं. त्याच्या पाकिटावर २६/३० असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ एका पौंडात डोकं काढलेले २६ ते ३० नग. आपला ४० काउंटचा, २५ ग्रॅमचा झिंगा घ्या. डोकं गेलं की वजनाचा साधारण तिसरा हिस्सा कमी होतो, उरतात १६ ग्रॅमच्या आसपास. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ४५४ भागिले १६, म्हणजे २८ नग. बरोबर २६/३० च्या पाकिटात बसला. तळ्यावर तो आणखी आठवडाभर कमी राहिला असता तर खालच्या पाकिटात, खालच्या भावात गेला असता. कृष्णा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं कधी काढणी करायची, हे अशा रीतीनं अमेरिकेच्या दुकानातल्या पाकिटाचा आकार ठरवतो.

काढलेला माल लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतात, क्रेटमध्ये बर्फाचे थर देऊन कारखान्यात नेतात. तिथं धुणं, डोकं काढणं, आकारानुसार वेगळं करणं, सोलणं आणि पाठीवरची काळी शीर काढणं. सोलायचं काम मुख्यतः बायका करतात, तेही थंड, ओल्या फरशीवर तासन् तास उभं राहून. या उद्योगाचा नफा त्यांच्या बोटांच्या वेगावर अवलंबून आहे, आणि आकड्यांच्या कुठल्याही तक्त्यात त्या दिसत नाहीत. परदेशी खरेदीदार अलीकडे पाण्याच्या तपासणीइतकीच कामगारांच्या वागणुकीची आणि राहण्याच्या जागेची तपासणी करू लागलेत, ही चांगली गोष्ट आहे. ती बाहेरून व्हावी लागते, याचं मात्र वाईट वाटतं.

मग गोठवणं. लादी करून, किंवा एकेक नग सुटा गोठवून. सुट्या नगावर पाण्याचा पातळ थर देऊन बर्फाचं कवच चढवतात, त्यानं माल सुकत नाही. पाकिटावरच्या वजनात हे कवच धरायचं नसतं. मग धातुशोधक यंत्रातून पाकिटं जातात, उणे १८ अंशांच्या गोदामात राहतात आणि त्याच तापमानाच्या कंटेनरमधून बंदरात. विशाखापट्टणम हे यातलं पहिल्या क्रमांकाचं बंदर; आपलं न्हावा-शेवाही मोठं आहे. मुंबई परिसरातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीतले मासळी कारखाने तिथूनच माल पाठवतात.

अमेरिकेला जहाज पोचायला महिन्याहून जास्त लागतो. शेतकऱ्याचे आणि कामगारांचे पैसे त्याआधी द्यायचे असतात. त्यामुळे या धंद्यात टिकतो तो ज्याच्यामागे बँक उभी आहे तो. काही निर्यातदारांचा स्वतःचा कारखाना असतो, काही फक्त व्यापारी असतात आणि दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेतात. मोठ्या कंपन्या मात्र हॅचरी, खाद्य, तळी, कारखाना, सगळं एकाच छत्राखाली आणत चालल्यात. त्यांना एका ठिकाणचा तोटा दुसऱ्या ठिकाणी भरून काढता येतो. पाच एकरांच्या तळेवाल्याला ती सोय नाही.

कोण काय बघतं

सरकारी बाजूला तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे एमपीडा, १९७२ चं, मुख्यालय कोचीला, वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखाली. निर्यातदारांची नोंदणी, बाजारपेठ शोधणं, काढणीआधीची तपासणी हे त्यांचं काम. निर्यात तपासणी परिषद ही त्याच मंत्रालयाची दुसरी संस्था. कारखान्यांना मान्यता आणि मालाला आरोग्य प्रमाणपत्र ती देते. आणि तळ्यांवर देखरेख ठेवणारं किनारी मत्स्यशेती प्राधिकरण, २००५ च्या कायद्यानं आलेलं, चेन्नईचं. मासेमारी आणि मत्स्यशेतीचं बाकी बरंचसं काम राज्यांच्या मत्स्यव्यवसाय विभागांकडे.

ही व्यवस्था ठेचकाळत उभी राहिली. १९५० च्या दशकापर्यंत भारत मुख्यतः सुकवलेली मासळी आणि सुकट श्रीलंका, ब्रह्मदेशाकडे पाठवायचा. १९५३ च्या सुमारास कोचीतून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जाऊ लागली आणि धंद्याची दिशा पालटली. १९९० च्या आसपास किनाऱ्यावर वाघ्या कोळंबीची तळी धडाधड खोदली गेली. भातशेतं गेली, गावांच्या विहिरी खारट झाल्या. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तळीच्या तळी ओस पडली. ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं किनारी नियमन क्षेत्रातली अशी तळी हटवायला सांगितलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९७ मध्ये, स्वच्छतेच्या कारणावरून युरोपीय संघानं भारताची मासळी बंद केली. त्या दणक्यानं कारखाने बदलले. मान्यता मिळवायची तर पाणी, फरशी, बर्फ, कामगारांचे हात, सगळ्याच्या नोंदी ठेवणं भाग पडलं, आणि आजचे भारतीय मासळी कारखाने जगात कुठंही मान खाली घालतील असे नाहीत.

२००९ मध्ये सरकारनं व्हॅनामीला परवानगी दिली. वाघ्या कोळंबी तळाशी राहते, व्हॅनामी पाण्याच्या मधल्या थरातही पोहते, त्यामुळे तेवढ्याच तळ्यात जास्त नग मावतात. तिला खाद्यात प्रथिनं कमी लागतात आणि रोगमुक्त बियाणं मिळतं. दहा-बारा वर्षांत आंध्रचा किनारा पालटून गेला.

एका टनात मिलिग्रॅमचा अंश

युरोपचा प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि तो प्रतिजैविकांचा आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही औषधं अन्नासाठीच्या प्राण्यांना देण्यावर बंदी आहे. तपासणीची यंत्रं आज इतकी सूक्ष्म आहेत की एका टन मालात मिलिग्रॅमचा अंश असला तरी सापडतो. तळ्यात मर लागली, कुणीतरी बाटली दिली, शेतकऱ्यानं घाबरून टाकली. चार महिन्यांनी युरोपच्या बंदरात तो कंटेनर अडकतो. २०१६ पासून युरोपीय संघ भारतातल्या पाळीव कोळंबीच्या निम्म्या खेपा तपासतो. तपासणीचा खर्च आणि वेळ जातोच, शिवाय माल परत आला तर निर्यातदार बुडतो. म्हणून पुष्कळांनी युरोपचा नाद सोडला आणि अमेरिका, चीनकडे तोंड वळवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघानं भारतातल्या आणखी १०२ आस्थापनांना मान्यता दिली, तेव्हा दार किलकिलं झालंय.

इथं दोष फक्त शेतकऱ्याचा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. गावातल्या दुकानात बिनलेबलाची बाटली कोण ठेवतं? त्यात काय आहे, ते त्या शेतकऱ्याला कोण सांगतं? डाळिंबावर कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, याची यादी आपल्याकडे हातात मिळते, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, विचारायला जागा आहे. तेवढा आधार प्रत्येक तळ्याला मिळाला तर निम्मं काम होईल.

एक गिऱ्हाईक

२०२४-२५ मध्ये अमेरिकेनं भारताकडून २७१ कोटी डॉलरची मासळी घेतली, एकूण निर्यातीच्या सुमारे ३६ टक्के. कोळंबीच्या वजनात तर अमेरिकेचा वाटा ४२ टक्क्यांच्या घरात. चीन दुसरा, १२८ कोटी डॉलरच्या आसपास. त्यानंतर युरोपीय संघ, आग्नेय आशिया, जपान.

अमेरिकेतल्या स्थानिक कोळंबीवाल्यांच्या तक्रारीवरून २००५ पासून भारतीय कोळंबीवर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे माल वाजवीपेक्षा स्वस्तात विकल्याबद्दलचा कर, आहे. २०२४ च्या अखेरीस त्यावर बहुतेक कंपन्यांसाठी सुमारे ५.८ टक्के प्रतिकारी शुल्क, म्हणजे सरकारी अनुदानाचा फायदा पुसायला लावलेला कर, आलं. आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं भारतीय मालावर आधी १०, मग २५ आणि २७ ऑगस्टपासून ५० टक्के जादा कर लावला. त्या वेळी भारताचा मोठा स्पर्धक इक्वेडोर १५ टक्क्यांवर होता. तो देश अमेरिकेला जवळ, त्याची तळी मोठी आणि कमी दाटीची, रोगाचा खर्च कमी. अशा स्पर्धकापुढे ३५ टक्क्यांची पिछाडी भरून निघत नाही. सोलापुरातल्या टॉवेल कारखानदारांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको, कारण कापडावरही तोच कर होता.

कर आयातदार भरतो, मग त्याची झळ तळ्यापर्यंत कशी येते? अनेक सौद्यांत कर भरून माल गिऱ्हाइकाच्या दारात पोचवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते. नसली तरी आयातदार नव्या सौद्यात तेवढा भाव पाडून मागतो. निर्यातदाराकडे कारखान्याचा खर्च, मजुरी, बँकेचं व्याज, जहाजभाडं, सगळं ठरलेलं. कमी करता येईल असा एकच आकडा त्याच्या हातात उरतो, तो म्हणजे तळ्यावरचा खरेदीचा भाव. जहाज सुटण्याआधीच शेतकऱ्याचा काउंटचा दर घसरतो. पण त्याचं खाद्य जुन्या भावानं आणलेलं असतं आणि झिंगा तळ्यात साठवून ठेवता येत नाही. कांदा चाळीत ठेवून वाट तरी बघता येते.

साखळीत सर्वांत मोठा धोका ज्याच्या अंगावर, त्याच्याकडेच बाजाराची माहिती सर्वांत कमी आणि थांबायची ताकदही सर्वांत कमी. निर्यातीचे विक्रमी आकडे जाहीर होतात तेव्हा ही रचना त्या आकड्यांच्या खाली झाकली जाते. नवी बाजारपेठ शोधणं चालू आहे. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झालेल्या करारात कोळंबीवरचा कर काढण्याचं ठरलं आहे. पण ब्रिटन छोटा बाजार. माझ्या मते खरा उपाय देशात आहे. एवढी थंड गोदामं, एवढे गोठवणारे कारखाने किनाऱ्यावर उभे आहेत आणि त्यांची तोंडं सगळी बंदराकडे. तळ्यापासून बंदरापर्यंत उणे १८ अंश सांभाळले जातात. तळ्यापासून सोलापूर, लातूर, कलबुर्गीच्या बाजारापर्यंत तशी सोय नाही.

आता क्षारपड रानाचं

खाऱ्या भूजलात झिंगा होतो. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या हरियाणातल्या रोहतकजवळच्या केंद्रानं त्यावर काम केलं आणि आज हरियाणा, पंजाबात समुद्रापासून हजार किलोमीटर आत व्हॅनामीची तळी आहेत. व्हॅनामी अगदी कमी खारेपणातही तग धरते. पण जमीन क्षारपड आहे म्हणजे पाणी योग्य आहे, असं होत नाही. समुद्राच्या पाण्यात जेवढं पालाश असतं तेवढं खाऱ्या भूजलात बहुधा नसतं, आणि पालाश कमी पडलं की कवच टाकताना झिंगे मरतात. ते वरून घालावं लागतं. समजा, एक एकराचं तळं, सव्वा मीटर पाणी, म्हणजे सुमारे ५,००० घनमीटर. लिटरमागे ५० मिलिग्रॅम पालाश कमी असेल तर २५० किलो लागेल. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये त्याचं प्रमाण साधारण निम्मं, म्हणजे ५०० किलो, ५० किलोच्या दहा गोण्या. हे फक्त सुरुवातीला. पाणी बदललं की पुन्हा. म्हणून बोअरच्या पाण्याचा खारेपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश तपासून घेतल्याशिवाय जेसीबी बोलावू नये.

दुसरी गोष्ट तापमान. २६ ते ३२ अंश पाण्यात व्हॅनामी चांगली वाढते. आपल्याकडचा मे महिना आणि डिसेंबरच्या रात्री दोन्ही टाळायच्या तर पीक कधी घ्यायचं, ते आधी ठरवावं लागेल.

तिसरी, गिऱ्हाईक. कारखान्याची गाडी मुंबईकडून चारशे किलोमीटर येणार ती भरून जायला. एकट्या तळ्यासाठी ती येत नाही आणि आली तर भाव पाडून येते. आसपासच्या दहा-बारा जणांनी एकाच आठवड्यात काढणी होईल अशा बेतानं बी टाकलं तरच निर्यातीच्या साखळीशी बोलणी करता येतील. नाहीतर पुणे, सोलापूर, हैदराबादची हॉटेलं आणि स्थानिक बाजार, बर्फात घालून ताजा माल. छोट्या उत्पादकाला मला हाच मार्ग जास्त सुरक्षित वाटतो.

आणि चौथी, जी विचारायची राहून जाते: तळ्यातलं खारं पाणी सोडणार कुठं? ओढ्यात सोडलं तर ते भीमेत जाणार, चरात सोडलं तर शेजाऱ्याच्या उसात. आंध्रच्या किनाऱ्यावर विहिरी खारट झाल्या त्या याच वाटेनं. मत्स्यव्यवसाय विभागाकडे परवान्यासाठी जाताना पाण्याच्या तपासणीच्या कागदासोबत सांडपाण्यासाठी राखून ठेवलेल्या तळ्याचा नकाशाही जोडावा, आणि तेवढी गुंठ्यांची जागा हिशेबातून आधीच वजा धरावी.